पिकअपचं सुतक

माझा मोठा भाऊ नागनाथ वारला त्या दिवसापासून त्याच्या पिकअपच्या इंजिनाचा कॉम्प्युटर सुतकात आहे.

सुतकातली गाडी ओळखायला अवघड नसते. चेक लाइट, म्हणजे डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा, पेटलेला राहतो. वेग ताशी विसाच्या वर जात नाही. हॉर्न वाजत नाही, गाणी वाजत नाहीत. शुभकार्याचं सामान चढवलं की इंजिन बंद पडतं आणि उतरवलं की पुन्हा सुरू होतं. बार्शीत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी फारसं विचारत नाही. ट्रॅक्टर तीन दिवस पाळतो, रिक्षा पाच. ज्या माणसाच्या हाताखाली पिकअप चार वर्षं चालली, त्याचे ती पूर्ण तेरा दिवस पाळते. तेराव्या दिवशी स्कॅनर लावतात, सुतकाचा कोड पुसतात, लाइट विझतो आणि गाडी कामाला लागते.

त्या तेरा दिवसांत मला सगळ्यात जास्त राग त्या गाडीचा आला. कारण दादाला तिनंच मारलं होतं.

दादा कोरे अप्पांच्या मंडप डेकोरेटर्सची पिकअप चालवायचा. येडशीच्या घाटात, चढावर, इंजिन अचानक मेलं. मागे मंडपाचे लोखंडी पाइप भरलेले होते. हँडब्रेकनं ते ओझं धरलं नाही. दादा चाकामागं दगड लावायला खाली उतरला आणि गाडी मागं आली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आणि आता तीच सुतक पाळत होती. गल्लीतल्या लोकांना त्याचं कौतुक वाटत होतं. शेजारची म्हातारी आईला म्हणाली की रक्ताची माणसं पाळत नाहीत एवढं त्या मुक्या गाडीनं पाळलं. मी म्हातारीला जे बोललो ते बोलायला नको होतं. आईनं सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला.

क्रेननं गाडी आणून दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात लावली होती. मी तिथंच काम करतो, सहा वर्षं झाली. नववीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसलो नाही. मला इंग्रजी नीट वाचता येत नाही, पण कोड वाचता येतात. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात स्कॅनरची वायर लावायची. मग कॉम्प्युटर त्याला काय होतंय ते आकड्यांत सांगतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं दुखणं हे मला पाठ आहे. बार्शीत माझ्याएवढे आकडे फक्त मिस्त्रींनाच पाठ आहेत.

पण सुतकातल्या माणसानं सुतकातल्या गाडीला स्कॅनर लावायचा नसतो. म्हणून क्रेन आली त्या दिवशी मिस्त्रींनी एकट्यानंच स्कॅनर लावून बघितला, सुतकाची तारीख वहीत लिहिली आणि शटर खाली ओढलं. मी विचारलं तर म्हणाले, “सुतकाचा कोड आहे. दुसरा कोड नाही.” ते बरोबरच होतं. ज्या क्षणी इंजिन मेलं त्याच्या पाठोपाठ सुतक लागलं, आणि सुतकाच्या कोडशेजारी दुसरा कोड बसत नाही. त्याचा अर्थ असा झाला की कागदावर गाडी निर्दोष निघाली.

तिसऱ्या दिवशी मी गॅरेजात जाऊन बॅटरीची टर्मिनल उपसून काढली. साधा कोड असा जातो. दहा मिनिटं थांबायचं, टर्मिनल परत लावायची, कॉम्प्युटर कोड विसरतो. मी अर्धा तास थांबलो. परत लावली तर लाइट होताच. मी बॉनेटवर लाथ मारली. मला म्हणायचं होतं की मारायचं पण तू आणि रडायचं पण तू, हे चालणार नाही. म्हटलंही. मिस्त्री मागं उभे होते. त्यांनी मला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि माझ्या हातातला पाना काढून घेतला.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरकलो तोवर त्याचं झालंसुद्धा. जणू त्याला पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, म्हणाले की नागनाथची काही इच्छा राहिली नव्हती. मला कावळ्याला दगड मारावासा वाटला. पस्तिशीतल्या माणसाची काही इच्छा राहिलेली नसते काय.

तेराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही गॅरेजात जमलो. गाड्यांच्या सुतकाचं काम बघणारे हिप्परगेकर साहेब फॉर्म घेऊन आले होते. त्यांनी स्वतःची घडीची खुर्ची आणली होती आणि ती ते फक्त सावलीत उघडायचे. कोरे अप्पा आधीच येऊन बसले होते. शुक्रवारी त्यांच्याकडं वैरागच्या लग्नाचं काम होतं आणि पिकअप एकच. सुनंदावहिनी आल्या होत्या, कारण जवळच्या नातेवाइकाची सही लागते. त्या गाडीच्या दिशेला पाठ करून बसल्या. आईला आम्ही आणलं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म वाचायला घेतला. गाडीचा क्रमांक. मृताचं नाव. गाडीशी नातं, चालक. सहावा रकाना त्यांनी जरा सावकाश वाचला. “मृत्यूचं कारण, चालकाची हयगय. चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक पुरेसा न ओढता खाली उतरला.”

मी विचारलं की हे कुणी लिहिलं.

साहेब म्हणाले की पंचनाम्यात तसंच आहे, मालकाच्या जबाबातही तसंच आहे आणि गाडीत दोष सापडलेला नाही. दोष गाडीत नसेल तर तो चालकात धरायचा असतो. दोन्हीकडं नाही असं लिहिता येत नाही, रकाना मोकळा राहतो.

“दादा सोळा वर्षं गाडी चालवत होता,” मी म्हणालो.

“सोळा वर्षांनी माणूस चुकतोच की रं,” अप्पा म्हणाले. “मी त्याला दोष देत न्हाई. नशीब म्हणायचं.”

मी त्यांच्या खुर्चीला लाथ मारली. खुर्ची त्यांच्याच डेकोरेटर्सची होती, लाल प्लास्टिकची. अप्पा पडले नाहीत, पण त्यांचं धोतर ऑइलमध्ये गेलं. साहेबांनी सगळे शांत होईपर्यंत पेनाचं टोपण लावून ठेवलं. वहिनी म्हणाल्या, “भावजी, खाली बसा. पोरीला मी अजून सांगितलं न्हाई कागदावर काय लिवलंय ते. निदान इथं तमाशा नको.”

मी बसलो. वहिनींची पोर सहा वर्षांची आहे. शाळेत तिला एक मुलगा म्हणाला होता की तुझ्या बापाला ब्रेक ओढता येत नव्हता.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पडदा उजळला, सुतकाचा कोड दिसला. त्यांनी पुसायचं बटण दाबलं. एरवी त्याला दोन सेकंद लागतात. या वेळी पडद्यावर एक ओळ आली. मिस्त्रींनी ती वाचून मराठीत सांगितली, “अटी पूर्ण नाहीत.”

अप्पांनी विचारलं की कसल्या अटी.

“ते आपण शोधायचं,” साहेब म्हणाले. “कावळा तरी कुठं सांगतो?” मग त्यांनी पद्धत समजावून सांगितली. मृताची काही इच्छा अडकलेली असली तर सुतक फिटत नाही. मालकानं आणि नातेवाइकांनी एकेक करून वचन द्यायचं, प्रत्येक वचन आठव्या रकान्यात लिहायचं आणि दर वचनानंतर बटण दाबायचं. एका वेळी एकच वचन. मोघम वचन चालत नाही. मागच्या महिन्यात कुर्डुवाडीला एका स्कूलबसनं सतरा वचनं घेतली होती.

अप्पांना शुक्रवारची घाई होती, म्हणून ते पहिले उठले. गाडीच्या नाकासमोर हात जोडून म्हणाले की केबिनमध्ये नागनाथचा फोटो लावीन. साहेबांनी लिहिलं. मिस्त्रींनी बटण दाबलं. अटी पूर्ण नाहीत. मग अप्पा म्हणाले की गाडीच्या मागं नागनाथकृपा असं रंगवून घेईन, पिवळ्या अक्षरांत. अटी पूर्ण नाहीत. मग म्हणाले की नागनाथच्या पोरीच्या लग्नात मंडप माझा, खुर्च्या माझ्या, स्टेज माझं. साहेबांनी विचारलं की गाद्या धरून का. अप्पांनी थोडा विचार केला आणि गाद्या धरून म्हणाले. अटी पूर्ण नाहीत.

“पंखे राहिले अप्पा,” मिस्त्री म्हणाले. अप्पांनी त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि पंखेही घातले. तेही चाललं नाही.

वहिनी उठल्या. त्यांनी सासूला शेवटपर्यंत सांभाळीन असं वचन दिलं. अटी पूर्ण नाहीत. पोरीला हवं तेवढं शिकवीन. अटी पूर्ण नाहीत. तिसरं वचन देण्याआधी त्या थांबल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गाडीकडं सरळ बघितलं, आणि दादाशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “मग हवंय तरी काय तुम्हाला?”

साहेबांनी ते लिहिलं नाही. ते वचन नव्हतं.

माझी पाळी आली. मी म्हणालो की दारू सोडतो. मला वाटलं हेच असणार, कारण दादाचं आणि माझं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं.

“अटी पूर्ण नाहीत,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरचा विश्वास बसला नाही तुझ्यावर. माझाही बसला नसता.”

मला आठवतं की मी त्यानंतर घणाकडं गेलो. कॉम्प्युटर पुढच्या डाव्या बाजूला असतो, ॲल्युमिनियमचा चपटा डबा, चार बोल्ट. एक घाव पुरे होता. डबाच राहिला नाही तर अटी कुणाच्या. अप्पा ओरडत होते की नवा डबा कोण देणार. साहेब खुर्ची उचलून आणखी लांब सरकले. मिस्त्री मात्र धावले नाहीत. ते स्कॅनर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी पडदा फक्त मला दिसेल असा धरला.

“मारायच्या आधी हे एक पान बघ,” ते म्हणाले. “आज तुझं सुतक फिटलंय. आता बघायला हरकत नाही.”

स्कॅनरमध्ये कोडांच्या पलीकडं आणखी एक पान असतं. ते सहसा कुणी उघडत नाही. त्यात कॉम्प्युटर एक हिशेब ठेवतो. शेवटचा कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, तेवढाच. कोड पुसता येतो, पण तो पुसला होता हे पुसता येत नाही.

तिथं एकोणतीस लिहिलं होतं.

आमच्या गॅरेजपासून येडशीच्या घाटातल्या त्या वळणापर्यंत एकोणतीस किलोमीटर होतात.

“तुम्ही हे पहिल्याच दिवशी बघितलं होतं,” मी म्हणालो.

“बघितलं होतं.”

“मग बोलला का नाही?”

“मी मिस्त्री आहे, कावळा नाही,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

अपघाताच्या दिवशी सकाळी दादा पाइप भरून गॅरेजवर आला होता. मिस्त्री नमाजासाठी नाही, चहासाठी गेले होते. गॅरेजात मी एकटा होतो. दादा म्हणाला की लाइट आलाय, गाडी चढाला मरतीय, पेडल दाबलं तरी उचलत नाही. त्यानं सांगितलं की गाडी ठेवून घे आणि अप्पाला गॅरेजकडून फोन कर, माझं ऐकत नाही तो, मिस्त्रीचं ऐकेल. मी स्कॅनर लावला. ॲक्सिलरेटरच्या पेडलच्या सेन्सरचा कोड होता. मला तो आकडा झोपेतही कळतो. आदल्या रात्री दादानं मला दोस्तांसमोर कानाखाली मारली होती, दारू पिऊन आलो म्हणून. गाल अजून दुखत होता. त्यात अप्पांचा फोन येऊन गेलेला, की लाइट घालवून दे, बाकीचं लग्नसराई संपल्यावर बघू. असा फोन रोज कुणाचा ना कुणाचा येतो. बार्शीत कुणी गाडी दुरुस्त करून द्या म्हणत नाही, लाइट घालवून द्या म्हणतात. मी बटण दाबलं. दोन सेकंदांत लाइट गेला.

दादानं विचारलं, “नुसता लाइटच घालवलास ना रं?”

मी म्हणालो, “गाडीला काय झालं नाही. तूच भित्रा झालायस.”

तो गाडीत बसला आणि गेला.

मी घण खाली ठेवला. साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि हे सगळं असंच सांगितलं. गाडी ठेवून घ्यायला त्यानं सांगितलं होतं, मी ठेवली नाही. कोड होता, मी पुसला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. किती वाजता, ते म्हणाले. सव्वानऊ. कोड क्रमांक. मी सांगितला. दुरुस्ती केली होती का. नाही.

“पुसण्याचं कारण?”

“राग.”

साहेबांनी फॉर्म वरखाली बघितला. “रागाला रकाना नाही,” ते म्हणाले. “इतर लिहितो.”

अप्पांना हे सगळं भलत्याच दिशेला चाललेलं दिसलं, म्हणून ते मध्ये पडले. पोरगं दुःखात आहे, त्याचं काय लिहून घेता, असं त्यांचं म्हणणं. “अहो, लाइट सगळेच पुसत्यात. मी सोता त्याला फोन करून सांगितलं हुतं लाइट घालव म्हणून. त्यात काय एवढं?”

साहेबांनी तेही लिहिलं. मालकाचा फोन, त्याच सकाळी. अप्पा म्हणाले की हे खोडा. साहेब म्हणाले की शाईचं पेन आहे.

मग त्यांनी सहाव्या रकान्यावर आडवी रेघ मारली. चालकाची हयगय या शब्दांवरून ती सरळ गेली. वर बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं की गाडीत दोष होता, चालकानं तो वेळेत कळवला होता, चालक निर्दोष. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वहिनींपुढं फॉर्म धरला.

वहिनींनी सही केली. त्या मराठी शाळेत शिकल्यासारखी पूर्ण सही करतात, सुनंदा नागनाथ माळगे, एकही अक्षर न गाळता. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तेरा दिवस माझ्या हातचं जेवलात, भावजी.”

एवढंच. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

मिस्त्रींनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी अटींची ओळ आली नाही. पडद्यावर साधा प्रश्न आला, जसा कुठल्याही कोडला येतो. पुसायचं का, ‘हो’ किंवा ‘नाही’. मिस्त्रींनी स्कॅनर माझ्या हातात दिला. नियमाप्रमाणं शेवटचं बटण जवळच्या नातेवाइकानं दाबायचं असतं.

अप्पा म्हणाले, “दाब की रं. शुक्रवार तोंडावर आलाय.”

माझा अंगठा ‘हो’वरच होता. सवयीनं तिथंच जातो. दिवसाला मी तो आठ-दहा वेळा दाबतो, न बघता. मी अंगठा उचलला आणि ‘नाही’चं बटण दाबलं.

अप्पांनी पुढची दहा मिनिटं माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. दादाचा सोडून, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. साहेबांनी त्यांना समजावलं की नातेवाइकानं नाही म्हटलं तर सुतक पुढं चालू राहतं, त्याला मुदत नाही, अपील नाही. नवव्या रकान्यात कालावधी लिहायचा होता. साहेबांनी लिहिलं, चालू. मग खुर्चीची घडी घातली आणि गेले. त्यांना पांगरीला एका क्रेनकडं जायचं होतं.

पेडलचा सेन्सर मी त्याच दुपारी बदलला. अर्ध्या तासाचं काम होतं.

अप्पांनी लग्नांसाठी दुसरी पिकअप घेतली. ही त्यांनी दहाव्या-तेराव्याच्या मंडपांना लावली, कारण तेवढंच सामान ती नेते. त्यासाठी ती एकदम तयार असते, अर्ध्या चावीत सुरू होते. ती मी चालवतो. सकाळी गॅरेज, दुपारनंतर पिकअप. गॅरेजात मी कुणाचाही लाइट नुसता घालवून देत नाही. लोक शिव्या देतात आणि पलीकडच्या चौकात जाऊन घालवून घेतात. मिस्त्री एकदा म्हणाले की तुझ्यामुळं माझं गिऱ्हाईक तुटतंय. मी म्हणालो, मला काढून टाका. त्यांनी काढलं नाही.

वहिनी ताट वाढतात, माझ्यासमोर ठेवतात आणि आत जातात. राग माझा गेलेला नाही. अप्पांचा आहे, पलीकडच्या चौकाचा आहे, त्या कावळ्याचासुद्धा आहे. गाडीचा मात्र आता तेवढा नाही. आम्ही दोघं एकाच कामात होतो.

आठवड्यातून एकदा तरी येडशीकडं जावं लागतं. घाट लागला की मी डावीकडं घेतो. चेक लाइट पेटलेला असतो. काटा विसावर असतो, त्याच्या वर जात नाही. मागं ट्रकांची रांग लागते, लोक खिडकीतून हात काढतात, ओरडतात, हॉर्नवर हॉर्न वाजवतात. आमचा वाजत नाही.